सोनुबाईचा घसा

निपाणी
१९ जानेवारी २०२५

प्रिय करिष्माआक्का,
सप्रेम जय भीम.

इकडं थंडी लई पडलीय. भावजींचा गुडघा कसा आहे? पुण्यात मोबाइलवर आईचा कार्यक्रम का ऐकू येत नाही, म्हणून तू परत परत विचारतेस. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून लिहितोय.

आपल्या गावच्या रेडिओला संस्थेकडून मिळणारी मदत गेल्या वर्षी संपली. सरकारी जाहिरातींची बिलं अडकलेली. श्रोत्यांकडं वर्गणी मागितली, बेळगावातले ट्रस्ट पालथे घातले. तिथल्याच वडगावच्या साडीवाल्यांनी चहा पाजला, जाहिरात दिली नाही. शेवटी इथले एक तंबाखूचे व्यापारी वर्षभर प्रायोजक व्हायला तयार झाले. अट एकच: विडी वळणाऱ्या बायांचा कार्यक्रम बंद.

म्हणजे आईच बंद. खोकला, कापलेली मजुरी, अडलेली पेन्शन, सगळं ती माइकवर रोखठोक बोलायची.

स्टेशन मीच चालवतो, म्हणून मीच त्यांना नाही म्हणून आलतो. घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "स्टेशनच बुडालं तर कोण बोलणार रं? आन् तिथल्या पोरांच्या पगाराचं काय? घे त्यांचं. मी आजारी हाय म्हणून सांगते."

मी अडवलं नाही, आक्का. दुसरा रस्ता दिसंना.

शेवटच्या दिवशी ती माइकवर म्हणाली, "बायांनो, माझा घसा बसलाय. डॉक्टरनं बोलू नको म्हटलंय." आवाज खणखणीत. मी काचेपलीकडं बसून ऐकत होतो.

परवा मालुबाई आली. आईबरोबर जन्मभर विड्या वळलेली. मागोमाग गल्लीतल्या बाया. त्यांना बघताच आई गोधडी ओढून पडली. कुणी हुलग्याचं माडगं आणलेलं, कुणी ज्येष्ठमध. मालुबाईनं तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप तर न्हाय गं सोनू."

"आत हाय," आई म्हणाली.

"लौकर बरी हो. मुकादम पानं कमी देतोय, वर चांगल्या विड्या खराब म्हणून काढून टाकतोय, त्याची मजुरी देत न्हाय. तू बोललीस की दबतोय त्यो."

आईनं भिंतीकडं तोंड केलं. बाया गेल्या, तरी ती उठली नाही.

आता त्या वेळेला सिनेमाची गाणी लागतात. आधी व्यापाऱ्यांचं नाव घ्यावं लागतं. ते मीच घेतो.

रविवारी फोन करशील तेव्हा तब्येतीचं विचारू नकोस. कशावरही बोल, पण तिला बोलत ठेव. घरात ती आता 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच म्हणते.

आईच्या नकळत लिहिणारा
तुझा भाऊ,
प्रेमानंद