विरलेल्या कापडाचा टाका

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आज दातओठ खाऊन.

फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून पत्र. काल दादांना हिरवा झगा चढवून स्ट्रेचरवर निजवलं होतं. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टरच बाहेर आले. म्हणाले, आज नाही; तुमच्या भावाचा फोन आला होता आणि मला त्याचं पटलं. व्वा! स्वतः परगावी बसून मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट वाचायचा आणि इथे जन्मदात्याला दारातून परत फिरवायचं! आतड्यातली गाठ काय तुझी परवानगी काढून वाढते? दादांनी तुझं नाव टाकलंय. तुला नुसतं 'सर्जन' म्हणतात, तेही शिवी हासडल्यासारखं.

मी तर काहीच कमी केलं नव्हतं. गाठ कळल्या दिवसापासून त्यांना निव्वळ पातळ पेजेवर ठेवलंय. लंघनासारखं औषध नाही, हे मी उभा जन्म संस्कृतच्या वर्गात शिकवलं, ते घरी पाळायला नको? पोट हलकं, आतडं स्वच्छ. एवढी तयारी करून दिली, आणि तू मांडव मोडलास.

लोभ आहे, तूर्त फडताळात कुलूपबंद.
— ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. पेज! दादांच्या रक्तातली प्रथिनं तळाला का गेली हे कोडं होतं, ते तूच सोडवलंस. अगं, तू बापाला उपाशी मारते आहेस आणि वर मला सुभाषितं ऐकवतेस! अडाणी माणसालाही कीव येईल.

गाठ काढली की आतड्याची दोन टोकं जोडायची. जोडाला रक्त नीट पोचतंय ना, ताण पडत नाही ना, हे तुझे डॉक्टर बघतील. पण तो भरून येतो खाल्ल्या अन्नावर. विरलेल्या कापडाला टाका धरत नाही, मग शिंपी कितीही नामांकित असो. जोड गळला की मळ पोटात सांडतो. दादांच्याच वयाचे एक गृहस्थ गेल्या वर्षी त्यानेच गेले. टाके माझे होते आणि चोख होते. बाहेर येऊन बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलीला सांगावं लागलं. तू त्या बाकावर बसायला नकोस, म्हणून फोन केला.

गाठ काही आठवडे थांबेल, असं डॉक्टरही म्हणतात. अंडी, दूध, डाळ, दिवसभर चालू ठेव. जिन्याखाली चोरून ओढतात ती विडी बंद. धुराने जोडाचं रक्त आटतं. दादांनी मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, पण जेवून द्याव्यात.

राग असू दे, त्याच्या शेजारी लोभालाही बसू दे.
— धाकटा

ता. २२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. हे माफीचं पत्र नाही. ज्या बहिणीने तुला अक्षर गिरवायला शिकवलं तिला अडाणी म्हणण्याची सोय कुठल्याही शास्त्रात नाही.

दादा जेवले. प्रत्येक अंडं तुझं डोकं समजून फोडलं. विड्यांसाठी मी त्यांचे खिसे रोज झडती घेतल्यासारखे उलटे केले, म्हणून मलाही शिव्या.

मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. जोड पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी पोटात पाणी ओतून खालून हवा भरली, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशी. एकही बुडबुडा नाही, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. मी सुटकेचा श्वास सोडला, तर म्हणाले, खरी परीक्षा पुढेच. ताप, नाडी, पोट यांवर नजर ठेवायची. आणि दुसऱ्याच दिवशी म्हणतात, खायला द्या! तुझ्या त्या पत्रानंतर माझा हातच पुढे होईना. घास जोडापर्यंत जाणार, या विचाराने चमचा वाटीतच अडला. शेवटी दादांनीच तो हिसकावला आणि विचारलं, तुझं लंघन अजून संपलं नाही का? मी वाटीही त्यांच्या हाती दिली. नोंद करून ठेव, असे प्रसंग विरळा.

ताप आला नाही. परवा सकाळी दादांनी खिडकीच्या काचा हादरतील असा वारा सोडला. आतडं चालू झालं म्हणून नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. आज डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ आहे, उद्या घरी. जोड धरला. दादा म्हणाले, त्या सर्जनला कळव. या वेळी तो शब्द शिवीसारखा वाटला नाही. हुरळू नकोस, लगेच खरी शिवी जोडली, ती मी लिहीत नाही.

फडताळ उघडलंय. किल्ली अजून माझ्याच कनवटीला आहे.
— ताई