खुशालीची रिंग

आई, तुझ्यापुढे गुडघे टेकून तुझ्या म्फात्सोचा जोहान्सबर्गहून नमस्कार.

मी बरा आहे. खोकला गेल्यातच जमा आहे. बागकाम चांगलं चाललंय. मालकिणीची कुत्री आता माझ्यावर भुंकत नाहीत. दिवसभर माझं बोलणं तीच ऐकतात. मक्याचं पीठ मलावीसारखंच मिळतं, पण एकट्यासाठी न्सिमा ढवळायचा कंटाळा येतो. शेळी व्याली का? तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी चर्च सुटलं की मी मोबाइलवरून मिस्ड कॉल देतो. रिंग वाजली म्हणजे मी खुशाल, तू उचलायचं नाही, असं आपलं ठरलंय. परदेशी कॉल महाग पडतो ना! तू मात्र आधी हटकून उचलायचीस आणि "जेवलास का रे?" विचारेपर्यंत माझा बॅलन्स संपायचा. मग तियामिकेने तुला दटावलं, "आई, फोनला हात लावलास तर बघ! दादाचे पैसे जातात." तेव्हापासून तू शहाणी झालीस. आता रिंग पूर्ण वाजते आणि थांबते.

हे पत्र तियामिकेच तुला वाचून दाखवेल, आणि पुढची ओळ वाचून चिडेल. चिडू दे तिला.

या रविवारी फोन वाजला की चुकून उचल.

तुझाच,
म्फात्सो