सुकलेल्या हारामागची खिडकी

उस्ताद, सुकलेल्या हाराचा फोटो काढता काढता गेल्या आठवड्यात मला तुमची खिडकी सापडली. लातूरच्या तुमच्या स्टुडिओतली, उभ्या गजांची, जिच्यासमोर स्टूल ठेवून तुम्ही गिऱ्हाइकाला बसवायचात. ती सापडली नांदेडात, माझ्या घरात, भिंतीवरच्या आईच्या डोळ्यात. आणि माझी आई तर लातूरला कधी आलीच नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर संशय घेणंही बरं दिसत नाही. पण फोटोवर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवावा तो फोटोग्राफरनं, हे तुम्हीच शिकवलंत.

आधी फुलांचं सांगतो. धंदा आता मुलगा बघतो. लग्नाचे अल्बम, ड्रोन, सगळं त्याचं. मी मोकळा झालो आणि सुकणाऱ्या फुलांच्या नादी लागलो. ताजं फूल मला गिऱ्हाइकासारखं वाटतं, नटून, श्वास रोखून बसलेलं. सुकायला लागलं की ते पोज सोडतं. जास्वंद संध्याकाळी स्वतःला पिळून घेते, मोगरा चहाच्या रंगाचा होतो, शेवंतीच्या पाकळ्या टोकाकडून करपत आत वळतात. बाजारातला फुलवाला मला ओळखून आहे. तो "आत्ताच उतरलेत मामा" म्हणाला की मी फूल कानाशी नेऊन चिमटतो. ताजी शेवंती करकरते, कालची गप्प बसते. "मामा, फूल घ्यायलाव का फोन लावायलाव?" असं तो चारचौघांत विचारतो आणि सगळे हसतात. हसू देत. मला कालचीच फुलं हवी असतात, पण ती आजची म्हणून दिलेली चालत नाहीत.

तुमच्या वेळी खोटं करायला मेहनत लागायची. निगेटिव्हवर पेन्सिल चालवता चालवता मान धरायची. आता न सांगता होतं. मुलाच्या फोनवर शेवंतीचा फोटो काढला तर फोननं करपलेल्या कडा आपल्या मनानं पिवळ्या करून ठेवल्या. मी फोन त्याला परत दिला आणि माझा जुना कॅमेरा काढला. मग आईच्या फोटोवरचा हार टिपायला गेलो, तर दोन दिवसांच्या हारावर दव! घरात, पंख्याखाली दव कुठून येणार?

"कुणी पाणी मारलं ह्याच्यावर?"

"मी मारलं," बायको आतून म्हणाली. "सासूबाईंच्या फोटोवर असलं वाळकं बघवत न्हाई मला."

"अगं, वाळकं म्हणूनच काढायलोय."

"मग उकिरड्यावर जाऊन काढा. तिथं लई पडलेत."

हे सगळं चाललं होतं एका प्रदर्शनासाठी. लातूरच्या एका मंडळानं फुलांचे फोटो मागवले होते. अट अशी की उजेड कमी-जास्त करा, कडा कापा, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि मूळ फाइल सोबत पाठवायची. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, तुमचा अनुभव मोठा, पण फाइल लागेलच." 'सर' म्हणताना त्याचा आवाज जरासा खाली उतरला, तो मी ऐकला. माझ्यावर संशय होता त्याचा, आणि बरोबरच होता. जिल्ह्यातल्या निम्म्या नवऱ्या मी उजळ केल्यात, नवरदेवांची पोटं आत घेतलीत. अशा माणसानं करपलेली पाकळी जशीच्या तशी ठेवली म्हटलं तर कोण खरं मानेल? मीही मानलं नसतं.

म्हणून बसून विचार केला की आपली हद्द कुठली. पाकळीवरची धूळ पुसावी का? धूळ फुलाची की घराची? मागचा भिंतीचा पोपडा काढावा का? तेव्हा तुमचा तो दिवस आठवतो. मी तुमच्याकडे नवीन आहे, हात दाखवायची घाई आहे. एका म्हातारीच्या फोटोतले देवीचे व्रण मी सगळे बुजवून टाकलेत, अगदी लोण्यासारखी कातडी. तिचा मुलगा फोटो उन्हात धरून बघतो आणि म्हणतो, "ही आमची माय न्हाई." तुम्ही त्याला चहा पाजता, नवा फोटो कबूल करता. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणता, "पुसायला काय, रबरालाबी येतं. घरच्यांना वळखायला एक तरी खूण ठेव. ती ठेवली की बाकी सगळं माफ."

तुमचा आवाज मला अजून पाठ आहे. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की मिळंल" म्हणताना तुम्ही आधी घसा खाकरायचात. तेवढ्यावरून मला कळायचं की निगेटिव्ह अजून धुतलीसुद्धा नाही. मेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून काढलेल्या फोटोत तुम्ही पेन्सिलीनं डोळे उघडायचात, तेही मी बघितलंय. पण बायकांच्या बाबतीत तुम्ही ते करत नव्हता. म्हणायचात, "बाईचे डोळे पेन्सिलीनं उघडत न्हाईत. ते कुठून तरी आणावे लागतात."

मी पाळण्यात असतानाच आई गेली, आणि तिचा एकच फोटो होता, नायगावकडच्या एका लग्नातला, मांडवाबाहेर उन्हात काढलेला. मागच्या रांगेत ती, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. मी लातूर सोडून नांदेडला स्वतःचं दुकान टाकायला निघालो तेव्हा तुम्ही तो फोटो मागून घेतलात. त्याच आठवड्यात मला त्या स्टुलावर बसवून "नवी लेन्स आलीय, तपासू दे" म्हणत माझाही फोटो काढलात. तो मला पुन्हा कधी दिसला नाही. निघायच्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम हातात दिलीत. आत माझी आई होती, एकटी, मोठी, डोळे उघडून माझ्याकडे बघणारी. मी रडलो. तुम्ही घसा खाकरलात आणि म्हणालात, "डोळे सापडले बाबा." मूळ फोटो मागितला तर म्हणालात, "कात्रीत गेला." तेव्हा मात्र खाकरला नाहीत. मी दोन्ही ऐकलं होतं, उस्ताद. माझ्या कानांनी कधी दगा दिला नाही. पण त्या दिवशी कान बंद करून घेतले.

आणि गेल्या आठवड्यात बायकोनं पाणी मारलेला तो हार टिपताना लेन्स अगदी जवळ नेली. पुढं करपलेली शेवंती, पाकळीच्या टोकावर पाण्याचा थेंब, मागं आईचा डोळा. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर बुबुळात उजेडाचा चौकोन आणि त्यात उभे गज. मांडवाबाहेर खिडकी नसते. ती तुमच्या स्टुडिओतली होती, आणि त्या खिडकीसमोर कोण बसलं होतं ते मला आठवत होतं.

बारकाईनं बघायचं धाडस होईना. आईला पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, माझी थोरली बहीण, शिरूर अनंतपाळला दिलेली. त्याच फोटोची एक प्रत तिच्याही भिंतीवर आहे. तिला फोन लावला.

"अक्का, फोटोतली आई आपलीच हाय का?"

"हे काय विचारायलास सकाळी सकाळी? बायकोनं जेवायला घातलं न्हाई का?"

"भिंतीवर बघ. डोळे बघ तिचे."

चप्पल फरफटल्याचा आवाज आला. मग खिळ्यावरून फ्रेम उतरवल्याचा.

"तुझे हायत," ती म्हणाली. "मला तवाच कळलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? फोटू छातीशी धरून फिरत व्हतास गावभर." मग आवाज मऊ झाला. "आईचे डोळे बारीक व्हते रे. हसली की मिटायचेच. त्या लग्नातल्या फोटूत ती हसत व्हती. तुला वाटलं, उन्हानं डोळे मिटले."

मी फोन कानाशी धरून भिंतीवरच्या फोटोपाशी गेलो.

"गोंदण मातर तिचंच हाय, हनुवटीवरचं. ते हात लावलेलं न्हाई." मग म्हणाली, "आन खरं सांगू? आता मला आई आठवली की हीच आठवती. तुझ्या डोळ्यांची."

उस्ताद, तुम्ही खूण ठेवलीत. तुमच्या नियमानं बाकी सगळं माफ. पण दोष समजून जे दुरुस्त केलंत ते तिचं हसू होतं. तुम्हाला कसं कळणार? मुलगा असून मलाच कळलं नाही. इतकी वर्षं मी रोज हार घालून हात जोडले ते निम्मे स्वतःलाच, आणि जिनं आईला खरं पाहिलं होतं तिच्या डोक्यातही तुमचीच प्रिंट जाऊन बसली. हे तुमच्यापुढं बसून बोललो असतो तर तुम्ही चहा मागवला असतात, मला माहीत आहे. आणि मी प्यालोही असतो.

फोटो मंडळाला पाठवला. आधी एकदा खिडकीवर कर्सर नेला होता. एका फटक्यात गेली असती. नेला तसा मागं आणला. करपलेली कड, बायकोचं पाणी, भिंतीचा पोपडा, सगळं ठेवलं. दोन दिवसांनी त्या माणसाचा फोन. "सर, मागच्या डोळ्यातली खिडकी नंतर टाकलीय का?"

"मी न्हाई टाकली."

"मग कुणी टाकली?"

"माझ्या उस्तादानं."

त्याला ती चेष्टा वाटली. घेणार आहेत की नाही, अजून कळवलेलं नाही.

हे पत्र टपालात टाकायला पत्ता नाही. तुमच्या स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात, आणि खिडकी बुजवून तिथं फळ्या ठोकल्यात. म्हणून हे इथंच राहील. फक्त एक सांगून ठेवतो. आज दाढी करताना आरशात मी डोळे बारीक केले, अगदी मिटेपर्यंत, आणि हसून बघितलं. तेवढ्यात बायको मागं येऊन उभी राहिली. "काय चाललंय?" म्हणाली. डोळ्यात साबण गेला, असं सांगितलं. सांगायच्या आधी घसा खाकरला, उस्ताद.