उतरवलेलं मीठ

६ जानेवारी, सोमवार
आज कामावर लागले. परतूरच्या अलीकडं रोडला लागून नवा मानसिक दवाखाना झालाय, तिथं बायांच्या वार्डात मावशी म्हणून. आष्टीहून जीपनं जाते. अर्पिता डॉक्टरीणबाईनं नव्या लोकांना एकेक वही दिली. रोज मनातलं लिहा म्हणल्या, काम करणाऱ्याचं मन पण हलकं पाह्यजे. माझी शाळा चौथीपर्यंत. जमंल तसं लिहीन, कुणी हसायचं काम न्हाई.

वार्ड मात्र झकास. मला वाटलं अंधार असंल, गज असतील. इथं भिंती कोवळ्या पोपटी, खिडक्या मोठ्या, अंगणात मोगरा. पण खुंटी न्हाई, खिळा न्हाई. पलंगाचे कोपरे गोल. पडद्याला लोंबकळलं तर पडदाच गळून पडतो, कुणी फास घेऊ न्हाई म्हणून. काडेपेटी गेटवर जमा. डॉक्टरीण म्हणत्यात, जागाच अशी करायची की माणूस निम्मं जागेनंच बरं व्हावं. मी म्हणलं, बरंय, झाडायला सोपं.

घरी माझी लेक हाये, तृप्ती. जाफराबादला दिलीय, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलीय. नववा लागलाय. तिच्या भाकरी थापून निघते, दिवस बुडायच्या आत परत.

८ जानेवारी, बुधवार
बेबीनंदा नावाची पन्नाशीची बाई हाये. तिनं आज सिस्टरच्या दंडाचा लचका तोडला. मांस तोंडात, रगत पोपटी भिंतीवर. चौघींनी मिळून दाबून धरली तरी दात वाजवून राह्यली. डॉक्टरीण मला म्हणत्यात, दरडावू नका, बाजूला शांत बसा. ती तोंडातलं थुंकून हसती अन मी शांत बसू?

पलीकडच्या खोलीत साजिया, बावीस वर्षांची पोरगी, डोकं हाणून घेती. भिंतीला गादी लावली तर फरशीवर हाणती. नारळ फोडल्यासारखा आवाज. आज कपाळाचं हाड दिसलं.

१० जानेवारी, शुक्रवार
हे धिमं काम मला जमत न्हाई. औषध लागू पडायला हप्ते लागत्यात म्हणे. तवर काय, सिस्टरी खाऊ घालायच्या त्या बेबीनंदाला?

पदरात मीठ, मोहरी अन पाच लाल मिरच्या बांधून नेल्या. डॉक्टरीण राउंड घेऊन गेल्या तशी बेबीनंदाची दृष्ट काढली. सात वेळा उतरवलं. आष्टीत लोक बोलवून नेत्यात मला याच्यासाठी. ती गुमान बसली.

उतरवलेलं त्या माणसाच्याच घरी जाळायचं, न्हाईतर तिवाट्यावर टाकायचं. वार्डात विस्तव कुठला. तिवाट्याला जावं तर जीपवाला भागवत हॉर्न वाजवून राह्यला. म्हणला, मावशी, जल्दी, का सवाऱ्यांनी तुमची पालखी न्यायची? मंग गाठ तशीच घरी आणली अन आपल्या चुलीत टाकली. पाच मिरच्या जळल्या, ठसका बिलकुल न्हाई. म्हंजे लागलीच होती तिला. मंग त्याच विस्तवावर भाकरी केल्या.

१३ जानेवारी, सोमवार
बेबीनंदा गार. सिस्टरचे पाय धरून रडली, अंगणात रांगोळी काढली. डॉक्टरीण खूश. वातावरणाचा गुण म्हणत्यात. मी मनात म्हणलं, म्हणा. साजियाचं पण उतरवलं. घरच्या चुलीत टाकलं. ठसका न्हाई.

१५ जानेवारी, बुधवार
नवी पेशंट, शालू. बाळंतीण. वीस दिवसांच्या लेकराचा गळा दाबला. नवऱ्यानं, अंगदनं, तिची बोटं एकेक करून उलटी मोडली तवा लेकरू सुटलं. दोन बोटं अजून सुजलेली. ती कुणाशी बोलत न्हाई, आपल्या हाताकडं बघती. मधूनच दोन्ही अंगठे जवळ येत्यात.

लेकुरवाळी बाई. मला राहवलं न्हाई, लगेच उतरवलं. मीठ मुठीत गरम लागलं. घरी टाकलं तर चूल भडकली, पदर पेटता पेटता राह्यला. तृप्ती समोर जेवून राह्यली होती.

साजिया उठून बसलीय. भात खाल्ला, दुसऱ्यांदा मागून.

१७ जानेवारी, शुक्रवार
नळावर आमच्या गल्लीतली जुबेदा पुढं घुसली. रोजच घुसती, रोजच आमची कचकच. आज मी काय बोललेच न्हाई. भानावर आले तवा तिच्या कानाची पाळी माझ्या दातात होती. ती ओरडून राह्यली अन मला पोटात गोड वाटून राह्यलं. थुंकवंना.

तृप्तीनं तोंड धुऊन दिलं. विचारलं, आई, काय झालं तुला. मी म्हणलं, बाजूला हो.

१९ जानेवारी, रविवार
डोकं हाणलं. चौकटीवर. किती वेळा ठाऊक न्हाई. तृप्ती एवढं पोट घेऊन मधी पडली, तिचा हात चौकटीच्या अन माझ्या डोक्याच्या मधात सापडला. मनगट मोडलं तिचं. मी थांबले न्हाई. गल्लीतल्या बायांनी ओढलं.

२० जानेवारी, सोमवार
कामावर साजियानं माझं कपाळ पाह्यलं. तिचं जिथं फुटलं होतं तिथंच. बराबर तिथंच. तिनं विचारलं, खाला, काढलेलं कुठं टाकलं. मी सांगितलं. तिनं माझा हात धरला. म्हणली, तिची नानी पण मिरच्या उतरवायची, पण पराया माणसाचं आपल्या चुल्ह्यात कधी न्हाई. मंग विचारलं, घरी कोण हाये.

मी म्हणलं लेक. भरल्या दिवसांची.

साजिया शालूच्या पलंगाकडं बघून राह्यली. शालू हसत होती, उद्या लेकरू भेटायला येणार म्हणून.

पहिल्यांदा चावा. मंग डोकं. तिसरं अजून—

२१ जानेवारी
चूल फोडली. राख नदीत. साजियाला विचारलं, आता उतरंल का. ती रडली.
तृप्तीच्या पोटात दुखायला लागलं.

२२ जानेवारी
मुलगी झाली. गोरी. मी दारातूनच पाह्यली. मानंला दोन वळ्या हायेत, लोण्यासारख्या.
त्या वळ्या मी का बघितल्या.

२४ जानेवारी
सरकारी दवाखान्यातून पोरगी घरी आणली. तृप्ती न्हाणीत होती. मी झोळीजवळ कधी गेले कळलं न्हाई. अंगठे जवळ आले होते. पोरगी माझ्याकडं बघून राह्यली होती.
पळाले. शेजारणीच्या चुलीवर तवा तापला होता, दोन्ही हात त्यावर ठेवले. दाबून. कातडं तव्याला चिकटलं.
तरी अंगठे हलून राह्यले.

२५ जानेवारी
डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. म्हणलं, कोंडा मला. त्यांनी लिहून घेतलं. भरती केलं, साजियाच्या शेजारी. शालू काल घरी गेली, लेकराचे मुके घेत.

२७ जानेवारी
हात बांधा म्हणते. इथं बांधत न्हाईत. भाजलेल्या हाताची पट्टी सोडून मनगटं बांधून घेतली तर पट्टी काढून घेतली, चिकटवायच्या पट्ट्या लावल्या. साडी पण नेली. इथं दोरी न्हाई, काच न्हाई, धार न्हाई. सगळं मऊ. हात तोडावा म्हणलं तर—
बोटं दातानं मोडायला गेले. सुई दिली. झोपवलं.

२९ जानेवारी
डॉक्टरीणबाईनं जावयाला, सोमेश्वरला, फोन केला म्हणे. घरच्यांना भेटलं की लवकर बरं वाटतं. नात मांडीवर दिली की भीती जाईल, म्हणत्यात.
पाय धरले त्यांचे. म्हणलं, आणू नका. त्या म्हणल्या, हे भेवच तुमचा आजार हाये, मावशी.
बेबीनंदा म्हणली, घे की, आजी झालीस.
साजियाचा आवाज चढला तर तिला बाहेर नेलं.

३० जानेवारी
भेटीची खोली. गादीची बाकं. मेणाचा खडू दिलाय, त्यानं लिहून राह्यले. उजव्या हातात खडू, डाव्यानं वही दाबली. हात कामात हायेत. थांबायचं न्हाई. लिहायचं. काही पण लिहायचं. भिंत पोपटी. भिंत पोपटी. जीप वाजली. तृप्ती आली. मनगटाला प्लास्टर, हसून राह्यली. पोरीला टोपडं घातलंय. नाव ठेवलं म्हणती, सांगते म्हणती, आधी घे. मी मान हलवून राह्यले, न्हाई न्हाई. डॉक्टरीण म्हणत्यात, वही ठेवा. मी लिहिते. तृप्ती वाकली. मांडीवर ठेवली. मांडीला ऊन ऊन लागतीय. डावा हात वहीवरून सुटला. लिहायचं लिहायचं तृप्ती उचल तिला तृप्ती खडू मोड