शनिवारी नळ, सोमवारी सूड

सोमवार, १८ जानेवारी २०१६. सकाळी ११.
आजपासून डायरी. कारण पुरावा. उद्या कुणी म्हणालं असं झालंच नव्हतं, तर तारखेनिशी तोंडावर फेकता आलं पाहिजे.
आज माझ्याच घरात मला 'बाजूला बसा' म्हणण्यात आलं.
म्हणणारी नीलांबरी. पुण्याची. ॲमस्टरडॅमला पिक्चर काढायचं शिकते. आल्मेरेच्या लायब्ररीत डच शिकायचा वर्ग असतो, तिथं माझ्या बायकोशी, प्रमोदिनीशी, हिची ओळख झाली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका दिवसभर काय करतात, यावर हिचा पिक्चर, त्यात प्रमोदिनी. आता घर माझं, व्हिसा माझा, नवरा मी. हिरो कोण हे नववी नापासालाही कळेल. मला कळलं.
मी तंदूरवर असतो त्या रेस्टॉरंटला सोमवारी सुट्टी म्हणून शूटिंग सोमवारी. तिथल्या शेठचा मरून रंगाचा ब्लेझर मागून आणला. गॉगल लावला. कॅमेरा सुरू झाला आणि बाई म्हणाली, "मल्हारदादा, जरा बाजूला बसता का? फ्रेममध्ये येताय."
फ्रेममध्ये येताय! मी काय लग्नातलं कुत्रं आहे, मधे यायला?
याला इंडिपेंडंट सिनेमा म्हणतात म्हणे. स्वतंत्र. कुणापासून, तर हिरोपासून.
निश्चय: १) सूड. २) किचनचा नळ गळतोय. शनिवारी वॉशर बदलणे.

मंगळवार, १९ जानेवारी.
मधूला सांगितलं. मधू आमच्या रेस्टॉरंटात भांड्यांवर असतो. कोल्हापूरचा, बारावी पास, त्यामुळं ज्ञानी. म्हणाला, "मल्ल्या, बायकांचा पिक्चर हाय तो. त्यात पुरुष नुसता वाईट असतोय."
मी म्हटलं, मग व्हिलनचा रोल तरी द्यायचा होता. मी केला असता.
संध्याकाळभर नान जरा जास्तच भाजले गेले.

सोमवार, २५ जानेवारी.
नवीन फॅड. घराचा आवाज घ्यायचाय म्हणे, मिनिटभर कुणी बोलू नका. मी म्हटलं, आवाज माणसं काढतात, घर कशाला काढेल? तर तेवढ्यानं मिनिट वाया गेलं. दुसऱ्या वेळी शिंकलो. मुद्दाम. सूड सुरू.
तिसऱ्या वेळी सगळे गप्प, तर टप्. टप्. नीलांबरीनं विचारलं, हे काय?
प्रमोदिनी म्हणाली, "नळ. हे दुरुस्त करणारेत."
"कधी?"
"गणपतीत म्हणाले होते."
दोघी हसल्या. नोंद: दोघी.
शनिवारी वॉशर नक्की.

सोमवार, ८ फेब्रुवारी.
आज असहकार. आतल्या खोलीत पडून राहिलो, बाहेरच आलो नाही. त्या दोघी किचनमध्ये दार लोटून. नुसती ठकठक आणि खडखड. काय कुटत होत्या देव जाणे. याला शूटिंग म्हणतात! तीनदा चहा मागितला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "थांबा, हात गुंतलाय." टॉवेल कुठाय विचारलं, तर त्याला उत्तरच नाही.
तोंड धुवायला गेलो तर पाणी गेलेलं. युरोप म्हणे! आमच्या कवठे महांकाळला टँकर तरी सांगून येतो. थोड्या वेळानं आपोआप आलं.
नीलांबरी जाताना दारातून म्हणाली, "थँक्यू दादा, तुमचा आवाज फार छान मिळाला." चिडवते. हसताना दात दिसतात.
नळ: या शनिवारी फुल्ल बुकिंग. पुढच्या शनिवारी.

रविवार, १३ मार्च. दुपार.
शत्रूचा गोट आतून बघून आलो. ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टला सुबोध म्हणून एक कंपनीवाला राहतो, त्याच्या घरी मराठी लोक महिन्यातून एकदा असले पिक्चर बघतात. नीलांबरीनं प्रमोदिनीला बोलावलं होतं, मी बरोबर गेलो.
पिक्चरमध्ये एक बाई विहिरीवर जाते. जातेच. मधे मी झोपून उठलो, तरी जात होती. नंतर चर्चा. सुबोध म्हणाला, "हे अदृश्य श्रम आहेत. आपण रोज बघतो पण आपल्याला दिसत नाहीत." दिसत नाहीत तर पिक्चर कशाचा काढला? मी विचारलं, इंटरव्हल का नव्हता. सगळे चहाला उठले. म्हणजे उत्तर नव्हतं.
पण फेरी वाया गेली नाही. एक गोष्ट कळली. असला पिक्चर संपला की डायरेक्टरला पुढं उभं करतात आणि लोकांच्या हातात माईक देतात. वाट्टेल ते विचारा.
माईक! शत्रू आपल्या हातानं हत्यार देतो.

शुक्रवार, १५ एप्रिल.
नीलांबरीच्या पिक्चरचा शो २२ मेला. प्रश्नावर काम चालू. आतापर्यंत सात पानं. तंदूरपुढं उभा राहून पाठ करतो. मधू म्हणतो, प्रश्न लहान असावा, दगडासारखा.
गावाकडं सतीशला, माझ्या धाकट्या भावाला, फोनवर बोलता बोलता म्हणून गेलो की युरोपच्या पिक्चरमध्ये आहे. त्यानं एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. 'युरोपियन चित्रपटाचे नायक मा. मल्हारदादा'. गॉगलवाला फोटो. आता माघार नाही. बाईनं मला कापलंच असेल, तर सगळ्यांदेखत कबूल करून घेणार.
प्रमोदिनीला प्रश्न वाचून दाखवला. ती कणीक मळत होती. म्हणाली, "आधी पिक्चर बघा, मग विचारा की."
प्रश्न तयार असताना पिक्चर कशाला बघायचा?
तर हात थांबवून म्हणाली, "अहो, माझ्यासाठी एवढं एक करा. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. बाकी काही नको."
म्हटलं, बघतो. त्यात काय.
नळ: प्रश्न झाला की.

शनिवार, २१ मे.
प्रश्न दगडाएवढा झाला. उद्या.

रविवार, २२ मे. संध्याकाळी ५. कामावर जाताना, ट्रेनमध्ये.
जिंकलो!!
क्रमानं लिहितो. छोटं थिएटर, साठ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. निम्मे आपले, निम्मे गोरे. दिवे गेले. पडद्यावर प्रमोदिनीचे हात. नुसते हात. भाजी चिरतात, डबे भरतात, फिट्सची, म्हणजे सायकलची, चेन बसवतात. आणि तेवढ्यात आतून एक दमदार आवाज: "टॉवेल कुठाय?"
माझा!
लोक हसले. टायमिंगच तसं होतं. दोन मिनिटांनी परत मी, "मीठ कमी आहे!" परत हशा. म्हणजे अख्ख्या पिक्चरला माझ्या आवाजाचा आधार. तोंड मात्र कुठंच नाही. अंगाची आग झाली. त्या आगीत प्रश्नाचं पहिलं वाक्यच विसरलो. म्हणून उठलो आणि बाहेर जाऊन, कॉफीच्या मशीनसमोर उभा राहून, पुन्हा पाठ केला. टाळ्या ऐकू आल्या तसा आत आलो.
माईक पहिला मी घेतला. सुबोध इंग्रजी करून सांगत होता. मी म्हटलं, "बाईसाहेब, या घरात एक पुरुष पण राहतो. तो दिवसभर तंदूरपुढं भाजतो आणि वर घरी येऊन नळ दुरुस्त करतो. तो नळ तुम्हाला दिसला नाही का?"
आधी आपले लोक हसले. मग सुबोधनं इंग्रजी केलं, तसे गोरे. असा हशा मी आयुष्यात मिळवला नव्हता. एक डच आजी डोळे पुसत उभी राहिली. नीलांबरीनं तोंडावर हात ठेवला. बोलती बंद! प्रमोदिनी तिच्या शेजारी उभी होती. ती तेवढी हसली नाही. खाली बघत होती. अभिमान असणार, चारचौघांत दाखवता येत नाही.
बाहेर सुबोधनं खांद्यावर हात ठेवला. "मानलं तुम्हाला. स्वतःवर एवढं हसायला धाडस लागतं. आणि तो अकरा मिनिटांचा शॉट!"
मी म्हटलं, जबरदस्त होता.
स्टेशनवर प्रमोदिनीनं विचारलं, "बघितला का पिक्चर?"
"सगळा."
"बरं," म्हणाली. आणि दुसऱ्या दारानं डब्यात चढली.
सतीशला मेसेज: हॉल डोक्यावर घेतला.

सोमवार, २३ मे. दुपारी १२.
प्रमोदिनी नीलांबरीबरोबर झूटरमेरला गेली. तिथल्या बायकांना पिक्चर दाखवायचाय. सकाळपासून 'चहा ओट्यावर आहे' एवढंच बोलली.
जिंकलेल्या माणसानं शब्दाला जागावं. भर सभेत नळ दुरुस्त करतो म्हणालो, तर करायचाच. आज शनिवार नाही, तरी. दुकानातून वॉशर आणि पाना आणला. पाण्याच्या मेनचा कॉक शोधण्यात तास गेला. जिन्याखालच्या कपाटात सापडला. त्याला चिठ्ठी बांधलेली: 'उजवीकडे = बंद'.
अक्षर प्रमोदिनीचं.

दुपारी १.
नळ खोलला. आत वॉशर नवा कोरा.
मग आठवलं, खोलायच्या आधी हा गळत तरी होता का?
ऐकलेलं आठवेना. शेवटचं टप् कधी ऐकलं, म्हणून डायरी काढली. पुरावा. मागं मागं गेलो. ८ फेब्रुवारीला थांबलो. ठकठक. पाणी गेलं. आपोआप आलं. तीनदा चहा.
म्हणजे कॉफीच्या मशीनसमोर मी उभा होतो, तेव्हा आत साठ माणसं माझा नळ दुरुस्त होताना बघत होती. अकरा मिनिटं. आतून माझा आवाज. आणि मग मी आत येऊन माईक घेतला.
सतीशला फ्लेक्स उतरवायला सांगणे.

दुपारी २.
परत बसवला. मेन सोडला. जानेवारीत गळत होता, आता उडतोय. ब्लेझर ओला. (शेठला द्यायचा राहिला होता, तोच घातला होता.)
प्रमोदिनीला फोन. तिकडून बायकांचे हसण्याचे आवाज. मी म्हटलं, मी पिक्चर नाही बघितला.
ती बाजूला आली असावी, हसणं लांब गेलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे. तुमची रिकामी खुर्ची दिसत होती मागून."
मग म्हणाली, "काय झालंय?"
सांगितलं.
"मेन बंद करा. आणि अजून कशाला हात लावू नका."

संध्याकाळी ६.
आली. चप्पल काढली, ओढणी खोचली, पाना उचलला. मी दिवा धरायला पुढं झालो, तर म्हणाली, "जरा बाजूला बसता का? अंधार पडतोय तुमचा."
बसलो. तिथून सगळं दिसत होतं.
घड्याळ लावलं होतं. अकरा नाही, चौदा मिनिटं लागली. मी बिघडवलेलं वेगळं काढावं लागलं.
चहा मागितला नाही.