जोडा

रवि. १८ नोव्हें. २०१८
चांदूर रेल्वेजवळच्या गावात सभा. कापसाच्या भावावर तासभर बोललो. मंडपाचे पत्रे हादरले म्हणतात. शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उठून काही विचारू लागली. ओठ हलताना दिसले. 'बाजार समिती' एवढंच कानावर आलं. हमीभावावर पुन्हा तोफ डागली. टाळी नाही. बाई खाली बसली.
परतताना एसटीत सौ. कानाशी ओरडून म्हणाली, "बाजार समितीत बायकाइसाठी संडास काहून नायी, असं इचारलं होतं तिनं."
अमरावती गेली, मूर्तिजापूर गेलं.

मंगळ. २०
सौ.ला घेऊन जठारपेठेतल्या दुकानातून कानाची यंत्रं आणली. सोबत चिमट्याचा छोटा बिनतारी माईक. समोरच्याच्या हाती दिला की त्याचं बोलणं मोबाइलमार्गे थेट माझ्या कानात. दुकानात चोख चालला.
येत्या रविवारी त्याच गावात पुन्हा बोलावणं आहे. हे जमलं नाही तर सभा बंद. ज्याला प्रश्न ऐकू येत नाही त्याने व्यासपीठ अडवू नये. पुढाऱ्यांना हेच तर सुनावत आलो.

बुध. २१
घरी जुळेना. माईकवर लाल दिवा. मोबाइलचा पडदा म्हणतो 'जोडा'. दाबलं की 'जोडता आले नाही'. सकाळभर हेच. माहितीपत्रक वाचलं, इतकं निर्जीव गद्य सरकारी परिपत्रकातही नसतं.
सौ. : "थो जोडा म्हणून राह्यला, अन् तुमी बोट दाबून राह्यले. पायातला काढा!"
तेव्हा हसलो नाही. आता लिहिताना...

गुरु. २२
चमत्कार. सौ. भाजीला गेली आणि हिरवा दिवा! माईक रेडिओपुढे ठेवला, बातम्या लख्ख. ती फाटकात आली, तुटलं. संध्याकाळी देवळात गेली, जुळलं. आली, तुटलं.
तिला सांगितलं.
"म्हणजे एवढ्या वर्षांनी समजलं तुमाले, का मीच आडवी येऊन राह्यली?"
मग स्वतःच थबकली. "अहो, दुकानात तुमचा मोबाइल बंद पडला होता. माह्याच मोबाइलवर जोडून दाखवलं ना त्या दुकानदारानं!"
असं होय. यंत्रं तिच्या मोबाइलची ओळख धरून बसलेली. ती जवळ आली की मला सोडून तिकडे.
तिच्या मोबाइलमध्ये यंत्रांचं नाव सापडलं. खाली 'विसरा'.
"इसरा म्हणते. दाबू?"
"दाब."
माझ्या मोबाइलवर नव्याने जोडली. हिरवा दिवा, आणि ती समोर उभी! जिवात जीव आला. दोन वेळा चहा.

शनि. २४
तालीम. माईक सौ.च्या पदराला, मी बैठकीत. कुकर, बांगड्या, फोडणीची मोहरीसुद्धा. किती वर्षांनी! शेजारच्या शमीमभाभी आल्या. सौ. माईक विसरली.
"भाईसाब को अब सुनाई देता?"
"ऐकू तं येते आता त्याइले. ऐकून घेतीन का, थे नायी सांगता येत."
दोघी खूप हसल्या. माझं उत्तर तयार होतं, तीन मुद्द्यांचं. गिळलं.

रवि. २५, एसटीत
गावी फोन केला : आधी प्रश्न, मग मी. माईक पहिला मागच्या रांगेत जाईल. यंत्रं पूर्ण चार्ज. भाषणाचे कागद घरीच.
मूर्तिजापूरला सौ. हळूच म्हणाली, "थे बाई आज आलीच नायी तं?"
गाडीच्या खडखडाटातही ऐकू आलं. माईक काढून तिच्याच पदराला लावला.