फासा म्हणाला, थांबा

तीर्थरूप ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा हा खुर्चीत बसूनच केला आहे असं समजा.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? तुमच्या यजमानांना आता अजिबातच ऐकू येत नाही असं कळलं. वाईट वाटलं असं लिहायची रीत आहे, पण खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. तुमचा फोन आला की तुमचे बंधुराज तो स्पीकरवर टाकतात आणि मी काही बोलले की मधेच दुरुस्त करत बसतात. पत्रात तेवढं त्यांना जमत नाही.

तर ताई, सध्या आमच्या घराचा कारभार फासा बघतो. म्हणजे खरा फासा नव्हे. खरा सापशिडी खेळताना कपाटाखाली गेला. तो काढायला माझा गुडघा वाकत नाही, आणि हे रिटायर झाल्यापासून कशासाठीच वाकलेले नाहीत. (त्याआधीही वाकल्याचं आठवत नाही.) मग यांनी फोनमध्ये एक फासा उतरवून घेतला. फोन हलवला की तो खुळखुळ वाजत गडगडतो आणि आकडा दाखवतो. सापशिडीपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याच्या सहा बाजूंवर ठिपक्यांऐवजी आपल्याला हवं ते लिहिता येतं, हा शोध यांना लागला. ज्यानं जन्मभर कॉलेजात संभाव्यता शिकवली, त्याच्या हाती कोलीतच मिळालं. (म्हण पूर्ण लिहीत नाही, तुमचे सख्खे भाऊ आहेत.)

सुरुवात भाज्यांपासून झाली. सहा बाजूंवर सहा भाज्या लिहिल्या आणि रोज सकाळी फोन हलवायला लागले. पहिल्या दिवशी कोबी आला, दुसऱ्या दिवशी कोबी, तिसऱ्या दिवशीही कोबीच. मी म्हटलं, कालची भाजी अजून शिल्लक आहे. तर म्हणाले, "अगं, फाशाला मागचं काही आठवत नसतं. तो दर वेळी नव्यानं पडतो." मागचं काही न आठवणाऱ्याबरोबर इतका संसार केल्यावर मला त्यात नवल वाटलं नाही. चौथ्या दिवशी मात्र कारलं आलं. कारलं यांना चालत नाही. लगेच म्हणाले, "एकदाच्या निकालाला अर्थ नसतो, तीनात दोन बघू." मग बटाटा येईपर्यंत शास्त्र चालू राहिलं.

तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढे माझ्या भाचीच्या लग्नाला जायचं की नाही, यावर फासा पडला. "नाही" आलं. नाही म्हणजे नाही, आणि तसं यांनी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा, की आमच्या फाशात बसलं नाही. ती तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याच महिन्यात यांच्या कॉलेजातल्या एका मित्राच्या साठीला "नाही" आलं, तेव्हा तीनात दोन झालं, पाचात तीन झालं, आणि आम्ही जाऊन पोटभर जेवून आलो. पूर्वी निर्णय यांचे असायचे आणि फसले की दोष माझा. आता निर्णय यांचेच, दोष फोनचा. माझी सुटका झाली ती एवढीच.

आता गुडघ्याचं. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वर्षभरात काठी आणि पुढे पलंग. यांनी विचारलं, यश किती टक्के? डॉक्टर म्हणाले, पंच्याण्णव. घरी येईपर्यंत हे उरलेल्या पाचांवर बोलत होते. मग जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला. तीन बाजूंवर "करा" लिहिलं, तीन बाजूंवर "थांबा". मी समोरच बसले होते. गुडघा माझा, पण फोन हलवायलाही त्यांनी मला दिला नाही. "थांबा" आलं.

मी वाट बघितली, ताई. तीनात दोन म्हणतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. कारल्यासाठी म्हणाले होते, मित्राच्या जेवणासाठी म्हणाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "चला, सुटला प्रश्न. चहा टाकतेस का?" मी टेबलाला धरून उठले आणि चहा टाकला. ओट्याशी उभी राहून रडलेसुद्धा. गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं मला.

असो. तुमचं मन मोठं आहे म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नका. तब्येतीला जपा. आशीर्वाद असावा.

तुमची भावजय

ता. क. : शुक्रवारी हे तुमच्याकडे येत आहेत, चांगले दोन महिने राहायला. यांना हवापालट हवा होता. सहा ठिकाणं फाशावर लिहून (त्यात एक तुमचं) ते आंघोळीला गेले. फोनमध्ये एक छोटं चाक असतं, ते दाबलं की लिहिलेलं बदलता येतं. मी सहाही बाजूंवर "ताई" लिहिलं. यांनी तीनदा टाकून बघितलं आणि तिन्हीदा तुम्हीच आलात. आनंदानं मला हिशोब समजावला, की असं दोनशे सोळात एकदा घडतं. दोनशे सोळात एकदा घडणारी गोष्ट यांना पटली, पण बायकोला ते चाक दाबता येत असेल, हे डोक्यात आलं नाही.

ता. क. दुसरा : सोमवारी माझं ऑपरेशन आहे. सही मीच केली. सोबतीला बहीण येते आहे. (बोलणार नाही म्हणाली, पण येणार आहे.) मी चालायला लागेपर्यंत यांना तिकडेच ठेवून घ्या, एवढंच मागणं. घरी जाऊ का म्हणाले तर सांगा, फासा टाकून बघ. तो मी तसाच ठेवला आहे.

ता. क. तिसरा : मी मनाशी ठरवलं होतं, जायच्या आधी एकदा जरी "तुझ्या गुडघ्याचं काय?" म्हणाले, तर सगळं सांगून टाकायचं आणि हे पत्र फाडायचं. आत्ता बॅगेची चेन लावता लावता थांबले, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "ताईकडे सकाळचा चहा कोण करतं गं?"

पत्र पेटीत टाकायला निघाले आहे.